गिटारची किंमत नेमकी कशाची?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कॅलमझू नावाचं गाव आहे. तिथल्या गिब्सन कंपनीनं १९५८ ते १९६० या काळात आपल्या 'लेस पॉल स्टँडर्ड' या इलेक्ट्रिक गिटारची एक नवी आवृत्ती काढली. पुढच्या बाजूला मेपलचं लाटालाटांचं लाकूड, त्यावर कडेला चेरीसारखा लाल आणि मध्याकडे पिवळा होत जाणारा रंग. गिटार देखणी होती, पण खपली नाही. ती जड होती, जुन्या घाटाची वाटत होती आणि त्या वेळच्या तरुणांना फेंडर कंपनीच्या सडपातळ गिटारी जास्त आवडत होत्या. जेमतेम दीड हजार नग बनवून गिब्सननं तिचं उत्पादन थांबवलं आणि १९६१ पासून निराळ्याच आकाराची गिटार बाजारात आणली. त्या न खपलेल्या गिटारींना संग्राहक आज 'बर्स्ट' म्हणतात, आणि चांगल्या अवस्थेतली, मूळ भागांसह टिकलेली १९५९ सालची एक बर्स्ट घ्यायची तर काही लाख डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबानं कोटींच्या घरातली रक्कम मोजावी लागते. गंमत म्हणजे त्या वेळचा लाल रंग पक्का नव्हता. उजेडानं तो विटत गेला, प्रत्येक गिटारवर वेगळ्या तऱ्हेनं विटला, आणि आता तो विटलेपणाही भाव वाढवतो.

ही गिटार नवी होती तेव्हा तिची किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास होती. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली तीही २४९ डॉलर ५० सेंटला. महागाईचा हिशेब लावला तर ते अडीचशे डॉलर आजच्या पावणेतीन हजार डॉलरांच्या जवळपास येतात. आणि गिब्सनची आज कारखान्यातून निघणारी नवी लेस पॉल स्टँडर्ड साधारण तेवढ्यालाच मिळते. म्हणजे चांगली गिटार बनवण्याचा मोबदला सत्तर वर्षांत फारसा हललेला नाही. हलला आहे तो जुन्या नगाचा भाव, शंभरपट आणि त्याहूनही जास्त. माझं म्हणणं असं की या शंभरपटीत आवाजाचा वाटा फार थोडा आहे. एका ठरावीक पातळीपर्यंत जास्त पैसे टाकले की जास्त चांगलं वाद्य मिळतं. त्या पातळीनंतर विकत मिळतो तो इतिहास, दुर्मीळपणा आणि मालकीचा मान. त्यांना किंमत असण्यात काहीच गैर नाही, पण नव्यानं शिकणाऱ्यानं आणि घरात बसून वाजवणाऱ्यानं या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

भाव वाढायला सुरुवात कुठून झाली हे पाहिलं की बराच उलगडा होतो. १९६६ मध्ये लंडनमध्ये जॉन मेयॉलच्या 'ब्लूजब्रेकर्स' या संचाबरोबर गिटारवादक एरिक क्लॅप्टननं एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. त्याच्याकडे जुनी, वापरलेली लेस पॉल होती आणि ती त्यानं मार्शल कंपनीच्या अॅम्प्लिफायरला जोडली होती. स्टुडिओत अॅम्पचा आवाज बारीक ठेवायचा असा तेव्हा शिरस्ता होता. क्लॅप्टननं तो पूर्ण चढवला. अॅम्पमधले व्हॉल्व्ह आपल्या क्षमतेपलीकडे ताणले गेले की आवाजाला एक जाड, लांबत जाणारी धार येते. ती धार ऐकून एक अख्खी पिढी वेडी झाली. सगळ्यांना तीच गिटार हवी झाली, आणि कंपनीनं ती बनवणं तर कधीच सोडलं होतं. पाठोपाठ पीटर ग्रीन, माइक ब्लूमफील्ड, जिमी पेज या गिटारवादकांच्या हातात बर्स्ट दिसू लागल्या. अखेर १९६८ मध्ये गिब्सनला लेस पॉल पुन्हा काढावी लागली, पण तोवर जुनीचं नाव झालेलं होतं.

आता याच कथेचा दुसरा भाग पाहा. त्या ध्वनिमुद्रणानंतर थोड्याच दिवसांत क्लॅप्टनची ती लेस पॉल चोरीला गेली आणि आजतागायत खात्रीनं सापडलेली नाही. क्लॅप्टन मात्र थांबला नाही. 'क्रीम' या संचात त्यानं दुसऱ्या गिटारी वाजवल्या, पुढे फेंडरकडे वळला, आणि प्रत्येक वेळी दोन-चार सुरांत तो ओळखू येत राहिला. जिमी पेजचं उदाहरण याहून बोलकं आहे. त्याचा संच लेड झेपलिन म्हटलं की डोळ्यांसमोर कमरेखाली लोंबणारी लेस पॉल येते. पण १९६९ च्या सुरुवातीला आलेला त्यांचा पहिला अल्बम मुख्यतः फेंडर टेलिकास्टरवर वाजवलेला आहे, तोही सुप्रो या त्या काळच्या स्वस्त कंपनीच्या छोट्या अॅम्पमधून. १९७१ मधल्या 'स्टेअरवे टू हेवन' या त्यांच्या गाण्यातला गाजलेला एकल तुकडाही टेलिकास्टरवरचाच. वर्षानुवर्षं किती तरी जाणत्या कानांनी तो लेस पॉलचा म्हणून ऐकला. नावाजलेल्या वाद्याचा आवाज आपण ऐकतो असं वाटतं तेव्हा बहुतेकदा त्या वाद्याचं चित्र आपल्या डोळ्यांसमोर असतं.

जुन्या गिटारींच्या बाजाराचे नियम तपासले तर आवाजाशी त्यांचा संबंध किती कमी आहे ते लगेच कळतं. मूळ रंग खरवडून नवा दिला असेल तर किंमत साधारण निम्म्यावर येते, मग रंगकाम कितीही सुबक असो. तारांची थरथर टिपणाऱ्या पिकअपच्या तारेचा डाख पुन्हा लावला आहे का, खुंट्या त्याच आहेत का, पेटी मूळ आहे का, हे भिंगातून पाहिलं जातं. सगळ्यात विचित्र नियम फ्रेटचा. गिटारच्या मानेवरच्या या धातूच्या पट्ट्या वाजवून वाजवून झिजतात. झिजल्या की तार घरघरते, सूर नीट लागत नाही आणि त्या बदलाव्याच लागतात. त्या बदलल्यावर गिटार वाजवायला चांगली होते, पण संग्राहकाच्या लेखी तिची किंमत उतरते. ज्या बाजारात वाद्य दुरुस्त केल्यानं स्वस्त होतं, तिथे वाद्याचा सौदा होत नसून पुराणवस्तूचा होत असतो.

आणि हाच बाजार स्वतःचा नियम वेळ आली की गुंडाळून ठेवतो. क्लॅप्टननं १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून शंभरेक डॉलरला एक अशा बऱ्याच जुन्या स्ट्रॅटोकास्टर उचलल्या, काही मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तीन मोडून त्यांतल्या चांगल्या भागांची एक गिटार जुळवली. तिचं नाव 'ब्लॅकी'. मूळपणाच्या कसोटीवर ती सपशेल नापास. २००४ मध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर आले. गिटारवादक डेव्हिड गिल्मरची काळी स्ट्रॅटोकास्टर तर त्याच्याही पुढे. १९७० मध्ये न्यू यॉर्कच्या दुकानातून घेतलेली साधी गिटार. तिचा नेक, म्हणजे मान, अनेकदा बदलला, पिकअप बदलले, लाकडात भोकं पाडली आणि पुन्हा बुजवली. २०१९ मध्ये ती ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' या गाण्याच्या चित्रफितीत गायक-गिटारवादक कर्ट कोबेनच्या हातात दिसलेली फेंडर मस्टँग २०२२ मध्ये सुमारे ४५ लाख डॉलरला विकली गेली. मस्टँग हे मॉडेल १९६४ मध्ये फेंडरनं विद्यार्थ्यांसाठी, कमी किमतीचं म्हणून काढलं होतं. कोबेनलाही अशाच दुय्यम समजल्या जाणाऱ्या गिटारी आवडत. या तिन्ही सौद्यांत लाकूड, तारा आणि चुंबक यांना किती पैसे पडले असतील ते ज्यानं त्यानं ठरवावं.

थोडं यंत्राकडे वळू. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप हा मायक्रोफोन नसतो. चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढंच ते साधन. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते आणि ती अॅम्पकडे जाते. लाकडाचा परिणाम होतो तो तार कशी आणि किती वेळ थरथरते यावर, म्हणजे आडून. पिकअपचे वेढे, तारांची जाडी, अॅम्पची रचना आणि स्पीकरचा कागदी शंकू यांचा परिणाम त्याहून कितीतरी ठळक असतो. त्याच गिटारला दुसरा स्पीकर लावा, नवख्यालाही फरक कळेल. बर्स्टमधल्या ज्या पिकअपचं एवढं कौतुक होतं तो गिब्सनच्या सेथ लव्हर या तंत्रज्ञानं १९५५ मध्ये घडवला. त्याच्या पाठीवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिठ्ठी असे. त्या वेळी वेढे मोजण्यात काटेकोरपणा नव्हता, चुंबकही हाताला येतील ते वापरले जात. त्यामुळे काही पिकअप फार छान निघाले आणि काही बेतास बात. आज त्या छान निघालेल्यांची मोजमापं घेऊन तसेच पिकअप कोणीही बनवून देतो, तेही जुन्या पिकअपच्या किमतीच्या छोट्याशा अंशात.

यावर जाणकारांचा ठरलेला आक्षेप असतो: जुनं लाकूड वाळून, वर्षानुवर्षं झंकारून मोकळं होतं, त्याची सर नव्याला नाही. असेल. पण जो फरक डोळे उघडे असताना जाणवतो तो डोळे झाकल्यावरही जाणवला पाहिजे. ही कसोटी व्हायोलिनच्या बाबतीत लावून झाली आहे, आणि तिथे तर लाकूड हाच आवाजाचा मुख्य आधार. संशोधक क्लॉडिया फ्रिट्झ आणि व्हायोलिन बनवणारे जोसेफ कर्टिन यांनी २०१२ मध्ये पॅरिसजवळ दहा नामवंत वादकांना काळे चष्मे घालून बारा व्हायोलिन वाजवायला दिली. सहा जुनी इटालियन, त्यांत बहुसंख्य स्ट्रॅडिव्हेरियस, आणि सहा नवी. दौऱ्यावर कोणतं न्याल असं विचारल्यावर दहांपैकी सहांनी नवं निवडलं. जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे ओळखण्यात त्यांचा अंदाज नाणेफेकीपेक्षा सरस ठरला नाही. लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अकूस्टिक गिटारवर असाच प्रयोग प्रसिद्ध केला. सहा गिटारी, सगळं सारखं, फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड वेगळं, आणि ५२ वादक. ब्राझीलच्या महागड्या रोजवुडपासून स्वस्त लाकडांपर्यंत गुणांकनात म्हणावा असा फरक निघाला नाही. या ब्राझिलियन रोजवुडचा व्यापार १९९२ पासून आंतरराष्ट्रीय करारानं जवळजवळ बंद आहे आणि जगभरच्या गिटारींच्या फ्रेटबोर्डवर, म्हणजे फ्रेट बसवलेल्या पट्टीवर, त्याची जागा मोठ्या प्रमाणात घेतली ती आपल्या पश्चिम घाटात वाढणाऱ्या शिसवीनं. आजीच्या कपाटाचंच ते लाकूड.

जुन्या गिटारींबद्दलच्या समजात आणखी एक गोम आहे. १९५० च्या दशकातल्या सगळ्या गिटारी उत्तम नव्हत्या. नेक हातानं घासून घडवलेले, त्यामुळे एकासारखा दुसरा नाही. वाईट निघालेल्या गिटारी लोकांनी मोडल्या, टाकल्या, सुट्या भागांसाठी वापरल्या. चांगल्या जपल्या गेल्या, आणि आज आपण त्या काळाचा कस या जपलेल्यांवरून ठरवतो.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण वादनशिक्षक विद्यार्थ्याला हसत ऐकवतात, पण कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं. अगदी स्वस्तातली गिटार, जिच्या तारा फ्रेटबोर्डपासून बोटभर उंच, फ्रेटची टोकं तळहाताला ओरखडणारी, खुंट्या दर गाण्यानंतर उतरणाऱ्या, ती शिकणाऱ्याचा उत्साह दोन महिन्यांत संपवते. सूर लागत नाही तो आपल्याला येत नाही म्हणून की वाद्यच बेसूर आहे म्हणून, हे नवशिक्याला कळत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत स्वस्त गिटार म्हणजे बहुतेकदा असलंच काहीतरी असे, आणि महागडी गिटार घेण्याचा सल्ला तेव्हा शहाणपणाचा होता. तो सल्ला आजही दिला जातो, मधल्या काळात कारखाने बदलले हे विसरून.

बदल सुरू झाला जपानमध्ये. तिथल्या कंपन्या अमेरिकी गिटारींच्या नकला करता करता इतक्या सफाईदार झाल्या की १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीनं आयबनेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर गिटारच्या डोक्याच्या आकारावरून दावा ठोकला. फेंडरनं वेगळी वाट धरली. तिनं १९८२ मध्ये जपानमध्येच उत्पादन सुरू केलं आणि स्क्वायर या नावाखाली स्वस्त गिटारी काढल्या, ज्यांतल्या सुरुवातीच्या आता स्वतःच संग्राह्य झाल्या आहेत. त्या वेळी मूळ अमेरिकी फेंडरची अवस्था बिकट होती. १९६५ मध्ये सीबीएस या कंपनीनं १ कोटी ३० लाख डॉलरला ती विकत घेतल्यावर दर्जा घसरत गेला होता. पुढे काम कोरिया, इंडोनेशिया आणि चीनकडे सरकलं आणि संगणकावर चालणारी कापयंत्रं आली. लाकूड किती मिलिमीटर कापायचं हे यंत्राला ठाऊक असतं. ते दमत नाही, सोमवारी आणि शनिवारी सारखंच कापतं. महागडी आणि स्वस्त गिटार आता बरेचदा सारख्याच यंत्रांतून निघतात. फरक उरतो तो लाकडाच्या निवडीत, धातूच्या भागांत आणि शेवटच्या हातकामात: फ्रेट घासून सपाट करणं, नटच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या डोक्याजवळच्या पट्टीच्या, खाचा नेमक्या खोल करणं, तारांची उंची जुळवणं. हे काम स्वस्त गिटारवर कारखान्यात होत नाही, पण चांगल्या कारागिराकडून थोडक्या पैशांत करून घेता येतं. पुण्या-मुंबईच्या दुकानांत पंधरा-वीस हजार रुपयांत मिळणारी यामाहा, स्क्वायर किंवा कॉर्टची इलेक्ट्रिक गिटार असा सेटअप केल्यावर कार्यक्रमात वाजवण्याजोगी होते. त्या किमतीत हे पूर्वी कधीच शक्य नव्हतं.

स्वस्त वाद्यावर मोठं काम केलेल्यांची नावं पुष्कळ देता येतील. शिकागोचा ब्लूजवादक हाउंड डॉग टेलर टेस्को या जपानी कंपनीच्या स्वस्तातल्या गिटारवर वाजवायचा, आणि त्याचं ध्वनिमुद्रण करण्यासाठी १९७१ मध्ये अॅलिगेटर ही तबकड्यांची कंपनी निघाली. क्वीन या संचाच्या ब्रायन मेनं १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. नेक जुन्या शेगडीच्या चौकटीच्या लाकडाचा, कंपनपट्टीला मोटारसायकलच्या स्प्रिंगा. गिटारवादक एडी व्हॅन हेलननं गिटारचं दुय्यम प्रतीचं शरीर पन्नास डॉलरला आणून त्यात जुन्या गिब्सनचा एक पिकअप ठोकला. मात्र या उदाहरणांतून 'कुठलीही गिटार चालते' असा निष्कर्ष काढणं तितकंच चुकीचं. ब्रायन मेच्या गिटारवर पैसे थोडे पडले, पण सुमारे दोन वर्षांची मेहनत आणि वडिलांचं यंत्रकौशल्य पडलं. व्हॅन हेलनला आपल्याला काय हवं ते नेमकं ठाऊक होतं, म्हणून तो सुटे भाग जुळवू शकला. स्वस्त वाद्यावर हिरमुसून वाजवणंच सोडून दिलेल्या हजारोंची नावं कुणी लिहून ठेवलेली नाहीत. या उदाहरणांतून एवढंच सिद्ध होतं की वाद्य कामापुरतं धड असलं की पुढचा प्रवास किमतीवर अवलंबून राहत नाही.

उरतात दोन आक्षेप. चांगलं वाद्य हातात घेतलं की वाजवावंसं वाटतं, असं वादक म्हणतात, आणि ते खरं आहे. ज्या गिटारवर मन बसतं ती रोज हातात घेतली जाते, आणि रोज हातात घेतल्यानं हात सुधारतो. या वाटेनं महाग गिटारसुद्धा कौशल्य वाढवू शकते. फक्त मन बसायला कोटी लागत नाहीत, आणि कोटीची गिटार पेटीतून काढायला माणूस बिचकतो हेही तितकंच खरं. दुसरा आक्षेप गुंतवणुकीचा. बर्स्ट घेतलेल्यांनी पैसा केला यात शंका नाही. पण २००८ च्या मंदीत याच बाजाराचे भाव चांगलेच कोसळले होते, नकली नगांचा सुळसुळाट आहे, आणि हे भाव ज्या पिढीच्या आठवणींवर उभे आहेत ती पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे. गुंतवणूक म्हणून घ्यायची तर गुंतवणुकीसारखा हिशेब करून घ्यावी, सुरांचं निमित्त पुढे करू नये.

हातात नेमकं काय असतं याचं उत्तर ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगनं सगळ्यात स्वच्छ दिलं आहे. त्याची 'ल्युसिल' जगप्रसिद्ध, पण ल्युसिल ही एक गिटार नव्हतीच. १९४९ च्या सुमाराला पडलेलं ते नाव त्यानं पुढे आयुष्यभर एकामागून एक अनेक गिटारींना दिलं. गिटार बदलली, आवाज बदलला नाही. कारण तो आवाज डाव्या हाताच्या बोटात होता: तार दाबून धरून ती फुलपाखरासारखी हलवण्यात, खेचून वरच्या सुरावर अचूक नेण्यात, आणि कधी थांबायचं या जाणिवेत. आपल्याकडे सतारीवरची मींड ऐकलेल्या कानांना हे वेगळं समजावायला नको. तार खेचल्यावर सूर पाव श्रुतीनं कमी पडला तर १९५९ ची बर्स्टही तो भरून देत नाही.

तेव्हा गिटार शिकायची असेल आणि चाळीस हजार रुपये हाताशी असतील, तर त्यातले पंधरा-अठरा हजार गिटारवर घालावेत, सेटअप ओळखीच्या कारागिराकडून करून घ्यावा, एक बरा छोटा अॅम्प घ्यावा, आणि उरलेली रक्कम वर्षभराच्या शिकवणीसाठी बाजूला ठेवावी. दुकानात गिटार घेताना नावाआधी नेक सरळ आहे का, फ्रेट टोचतात का आणि बाराव्या फ्रेटवर सूर बरोबर लागतो का, एवढं तपासावं.